पित्ताच्या गोळीआड दडलेला कर्करोग

"डॉक्टरांनू, पित्त झालाहा, गोळी देवा." हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. बहुतेकांना खरोखरच पित्त असते व ते बरेही होते. पण काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ चार महिने अशाच गोळ्या नेत राहिले. आराम पडत होता, म्हणून मीही निश्चिंत राहिलो. अखेर दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा जठराचा कर्करोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता.

लसिकाग्रंथी म्हणजे काय? पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ती सुजलेली लसिकाग्रंथीच. तशाच ग्रंथी जठराभोवतीही असतात.

जठराच्या भिंतीला थर असतात. सर्वांत आत अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू आणि बाहेर पातळ आवरण. कर्करोग अस्तरात सुरू होतो. तो पहिल्या दोन थरांतच असेल, तर त्यास आरंभीचा कर्करोग म्हणतात. ही व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ साली ठरविली. त्यांच्याकडील शस्त्रक्रियांच्या नोंदींनुसार, रोग अस्तरापुरता असल्यास १०० पैकी २-३ रुग्णांच्याच ग्रंथींत तो सापडतो. दुसऱ्या थरात उतरला की १८-२० जणांच्या. अस्तरातील लहान गाठ निवडक रुग्णांत दुर्बिणीतूनच काढता येते. रोग खोल गेल्यास जठराचा भाग ग्रंथींसह काढावा लागतो.

अडचण अशी, की आरंभी हा रोग फारसा त्रास देत नाही. जो थोडा देतो, तो पित्तासारखाच असतो आणि गोळीने दबतोही. म्हणून चाळिशीनंतर प्रथमच पोटाची तक्रार सुरू झाली व ती तीन-चार आठवड्यांत हटली नाही, तर दुर्बिणीची तपासणी करावी. वजन घटणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार उलट्या, गिळताना अडकणे, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही असल्यास एक दिवसही थांबू नये.

तंबाखू, खारवलेल्या मासळीचा अतिरेक आणि जठरातील 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हे जंतू धोका वाढवितात. जंतूंवर औषध आहे. घरात आईवडील वा भावंडांना हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वाचकहो, गोळी जरूर न्या. मात्र तीच गोळी पुन्हा पुन्हा मागायला आलात, तर मी तपासणीची चिठ्ठी देईन. रागावू नका.