मुंबईत घर घेताना: काय करावे, काय टाळावे

करावे

• जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून पूर्ण हिशेब मांडा. मुंबई हद्दीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ८० लाखांचा वन बीएचके धरा. बँक फार तर ६४ लाख देते. पदरचे १६ लाख, मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ४ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी ४ लाख. म्हणजे २५ लाखांवर रक्कम हाताशी हवी. पार्किंग, आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, किचनच्या ट्रॉल्या यायच्याच आहेत. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार.

• करार घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर करता येतो का, पाहा. मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. वरच्या हिशेबात ८० हजार. नवऱ्याचे नाव जोडले की सूट गेली.

• महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, ते तिथे कळते.

• सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप न्या. तिथला पलंग बऱ्याचदा मुद्दाम आखूड केलेला असतो आणि खोल्यांना दारेच नसतात. दार उघडल्यावर कपाट कुठे राहणार, हे मोजूनच समजते.

• बदलापूर किंवा विरारचे घर ठरवण्याआधी सोमवारी सकाळी तिथून लोकलने ऑफिस गाठून बघा. रविवारी बिल्डरच्या गाडीतून साइट पाहिल्याने काही कळत नाही.

• म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरत राहा.

टाळावे

• ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा दलाल. म्हाडाने असा कुणी नेमलेला नाही.

• करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देणे. रेरा कायद्यानुसार बिल्डरला ती मागताच येत नाही.

• ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेली इमारत. ‘सगळे राहतातच की’ हे उत्तर पुरेसे मानू नका. पुनर्विक्री आणि कर्ज, दोन्हीकडे अडते.

• दोघांचे पगार ओतून जेमतेम बसणारा हप्ता. बाळंतपण किंवा आजारपण आले की वर्षभर एकाच पगारावर घर चालते.

• ‘भाडे म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या काकांचे ऐकून घाई. त्याच फ्लॅटचे भाडे बहुतेकदा हप्त्याहून बरेच कमी असते. शाळा, दवाखाना जवळ असेल तर खुशाल भाड्याने राहा. फक्त ११ महिन्यांचा करार नोंदवून घ्या.