गजकर्णाची तपासणी: खंडाळ्याहून कुठे, कधी, कितीला?

मेडिकलमधली ट्यूब लावूनही गजकर्ण परत येत असेल, तर आधी तिच्यावरची नावे वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसले, तर ते स्टेरॉइड. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि डागाचे रूप बदलल्याने डॉक्टरही फसतात. ट्यूब बंद करा, पण फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुठे जाल? आधी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याचे ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. त्वचारोगतज्ज्ञ हवा असेल, तर तिथूनच चिठ्ठी घ्या आणि खंबाटकीपलीकडे साताऱ्याचे सिव्हिल किंवा पुण्याचे ससून गाठा. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिथे थोडे शुल्क पडते. आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. ओपीडीला सकाळीच पोहोचा.

कोणती तपासणी? आधी केओएच. डागाच्या कडेची त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई नाही, उपाशीपोटी जायला नको. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी. नखाचा नमुना असेल तर जास्त वेळ लागतो. खासगीत साधारण 200 ते 500 रुपये.

कल्चरमध्ये बुरशी वाढवून तिची जात ओळखतात. खासगीत साधारण 800 ते 1,500 रुपये आणि तब्बल चार आठवडे. औषध लागू पडत नसेल किंवा आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल, तरच त्याचा खर्च करा. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी भारतात आढळते, म्हणून अशा वेळी कल्चर कामाला येते.

बिल कुठे फुगते? डॉक्टरांची फी वेगळी. कलेक्शन सेंटर नमुना पुण्याला पाठवत असेल, तर त्याचा आकार वेगळा. ‘सगळे मिळून किती?’ हे आधीच विचारा. ॲलर्जीचे पॅकेज गळ्यात मारत असतील, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते आहे का बघा. पोटातल्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी सांगितली, तर ती मात्र टाळू नका.

नमुना वाया जाऊ देऊ नका. त्या दिवशी डागावर तेल, पावडर, मलम काही नको. बुरशीचे औषध किती दिवस आधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारा. कल्चरचा नमुना कोरडाच जायला हवा. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते आणि पैसे बुडतात.

केओएच निगेटिव्ह आली तरी बुरशी नाहीच असे नाही. डॉक्टर म्हणाले तर पुन्हा करा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांनाही त्याच फेरीत दाखवा. एकट्याने औषध घेतले, तर लागण घरातूनच परत होते.