इग्वाना : नर कीं मादी?

वैशाख-ज्येष्ठांत मोशी गांवीं इंद्रायणीच्या कांठानें फिरावयास गेल्यास कुंपणावर मान वरखालीं करणारा सरडा हटकून दृष्टीस पडतो. त्याचें डोकें व गळा तांबडा झालेला असला म्हणजे तो नर, हें ओळखण्यास फारशा शिकवणीची गरज नाहीं. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर याच कुळांतील एका जातीचा नर विणीच्या हंगामांत गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडून मिरवितो. त्या जातीच्या वंशास शास्त्रज्ञांनीं 2016 सालीं ‘सरडा’ हें आपलें मराठी नांवच दिलें, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. पण वरवर पाहून नर ओळखण्याची ही संवय परक्या प्राण्यास लावूं गेल्यास फसगत होते.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या मोशी येथील घरीं असेंच घडलें. त्यांनीं वीतभर लांबीचें हिरव्या इग्वानाचें पिलू विकत आणलें. विकणाऱ्यानें तें नर असल्याचें सांगितलें. पाठीवर तुरा होता, मानही डोलवीत असे. तेव्हां नांव राजा ठेवण्यांत आलें. शेजारी त्यास घोरपड म्हणत. तें चूक आहे. घोरपड निराळी, आणि ती पाळणें हा गुन्हा आहे. इग्वाना मूळचा मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील देशांचा रहिवासी. तिसऱ्या वर्षीं माघांत राजानें पाला खाणें सोडलें, पोट फुगलें, आणि तो दिवसभर पिंजऱ्याचा कोपरा उकरूं लागला. घरच्यांनीं अपचन समजून आठ दिवस घालविले.

वस्तुतः मान डोलविणें, पाठीवरील तुरा, गळ्याखालची झालर व जबड्याखालचा मोठा वाटोळा खवला हीं नर व मादी या दोघांसही असतात. प्रौढ नराचें डोकें रुंद, गाल फुगीर व तुरा उंच असतो खरा. पण शेजारीं दुसरा इग्वाना नसतांना ‘उंच’ कोणत्या मापानें म्हणावें? अधिक भरंवशाची खूण मांडीच्या आंतल्या बाजूस आहे. प्राण्याचें पोट आपल्या हातावर नीट टेकवून मागला पाय हलकेंच बाजूस करावा. शेंपटीस मात्र धरूं नये, ती तुटते. मांडीखालीं बारीक छिद्रांची एक रांग दिसेल. आपल्या कुंपणावरील सरड्यास ती मुळींच नसते. प्रौढ नराचीं छिद्रें ठळक असून त्यांतून मेणासारखा पदार्थ खुंटीप्रमाणें पुढें आलेला असतो. मादीचीं छिद्रें त्या मानानें फारच लहान. शिवाय नराच्या शेंपटीच्या मुळाशीं, खालच्या बाजूस, दोन फुगवटे जाणवतात. पिलांत मात्र हीं छिद्रें सारखींच दिसतात. वर्षाच्या आंतील पिलू पाहून जो छातीठोकपणें ‘नर’ म्हणतो, त्याच्यावर विसंबूं नये. रंगाचाही भरंवसा नाहीं. कित्येक नर विणीच्या दिवसांत नारिंगी होतात हें खरें, पण थंडीनें व भीतीनेंही इग्वानाचा रंग पालटतो.

कोंबडीप्रमाणें इग्वानाची मादीही नराच्या संगतीवांचून अंडीं घालते. एका खेपेस वीस ते सत्तरपर्यंत अंडीं होतात. त्यांसाठीं तिला ओलसर मातींत बीळ उकरावें लागतें. तशी जागा न मिळाल्यास अंडीं पोटांत अडकतात व मादी दगावूं शकते. नर समजून पाळलेल्या मादीस मातीची पेटी कोण देणार? उलट तो खरोखर नर असल्यास हंगामांत पाळणाऱ्यासही कडकडून चावतो, म्हणून त्या दिवसांत मुलांनीं पिंजऱ्यांत हात घालूं नये.

राजास शेवटीं पशुवैद्याकडे नेलें. त्यांनीं मागला पाय बाजूस करून पाहिला व क्षकिरणांनीं चित्र घेतलें. पोटांत अंडींच होतीं. त्याच सायंकाळीं झाकणास भोंक पाडलेल्या एका मोठ्या पेटींत ओलसर माती व वाळू भरून ती पिंजऱ्यांत ठेविली. तिसऱ्या दिवशीं पेटींतून बाहेर आलेली राजा इतकी रोडावली होती, कीं तिच्या कमरेचीं हाडें दिसत होतीं; पण पाणी पाजतांच तिनें शेवग्याच्या पाल्यास तोंड लाविलें. मातींत एकतीस अंडीं निघालीं. नर जवळ नसल्यामुळें त्यांतून पिलें होणार नव्हतीं. एरव्हीं पिलें झाल्यास सरकारांत कळवावें लागतें, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 सालच्या दुरुस्तीप्रमाणें इग्वानासारख्या परदेशी प्राण्याची नोंद करणें पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. ती पेटी आतां दर वर्षीं पौष संपण्यापूर्वींच पिंजऱ्यांत ठेवितात.