प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

मनू, काल फोनवर किती तणतणलीस! "युनिव्हर्सिटीत पाऊल टाकलं नाही तोच ट्रेनिंग. प्रिव्हिलेज म्हणे! मी तर इथं ब्राउन, मला कसलं आलंय प्रिव्हिलेज?" मी नुसतं हं हं केलं. पण रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

तुझा राग अगदीच चुकीचा नाही. 2021 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या अशाच ट्रेनिंगवरून गदारोळ झाला होता. त्यातल्या प्रश्नावलीत, पूर्वग्रह घालवायला स्वतःचा अपराध कबूल करणं ही चांगली सुरुवात आहे, हे पटत नाही म्हटलं की उत्तर चूक! मलाही ते रुचलं नाही. टिक मारून कुणाला पश्चात्ताप होतो का गं?

पण ब्रिस्टलमध्ये राहून या विषयालाच फालतू म्हणू नकोस. युनिव्हर्सिटीच्या विल्स मेमोरियल इमारतीचा तो उंच मनोरा ज्या घराण्याच्या नावाचा आहे, त्याची श्रीमंती गुलामांनी पिकवलेल्या तंबाखूतून सुरू झाली. 1963 मध्ये इथली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी चार महिने बसवर बहिष्कार घातला, तेव्हा कंपनी नमली. त्यानंतर नेमलेला पहिला गोरा नसलेला कंडक्टर होता रघबीर सिंग, आपल्यातला.

आता कुणाला न सांगितलेलं सांगते. माझं इथलं पहिलं वर्ष. एका घरच्या गणपतीला एक नवी मुलगी आली होती. मी नाव विचारलं, मग आडनाव. त्यावरून जातीचा अंदाज येईना, तर "मूळचे तुम्ही कोण?" हेही विचारलं. तिनं खाली बघत उत्तर दिलं. पुन्हा ती कधी आली नाही. बऱ्याच वर्षांनी बसस्टॉपवर भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, एवढा समुद्र ओलांडून आले, आणि पहिल्याच दिवशी तोच प्रश्न." मनू, मला तिच्याकडे बघवेना. गोऱ्यांमध्ये मी स्वतःला कायम खालच्या पायरीवर समजत होते. तिच्या वरच्या पायरीवर मी उभी आहे, हे ध्यानातच आलं नव्हतं.

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात जातीवरून होणारा भेदभाव स्पष्टपणे आणायची सोय होती. 2018 मध्ये सरकारनं ते करायचं नाही असं ठरवलं. तेव्हा तुझ्या ट्रेनिंगमध्ये जातीचा प्रश्न आला नाही, तर तो तूच स्वतःला विचार. आजोबांची पुस्तकांची कपाटं, कर्जाला तारण ठेवलेला पुण्याचा फ्लॅट, अर्ज तपासून देणारे प्राध्यापक काका. तू कष्ट केलेस, मी पाहिलेत. पण हे सगळं तुझ्या आधीपासून घरात होतं. लाज वाटून घेऊ नकोस, फक्त विसरू नकोस.

रविवारी जेवायला ये. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या लातूरच्या मुलीलाही आण. तिला तिखट कितपत चालतं, तेवढं आधी कळव.