विमानतळावरची झडती

पूर्वी विमान म्हणजे अंगणात उभे राहून वर बघायची वस्तू. आता तसे राहिले नाही. खेड्यातला मुलगा आखाती देशात कामाला जातो. म्हातारे आईबाप लेकाला भेटायला विमानाने जातात.

विमानतळावर गेले की झडती होते. पिशवी यंत्रातून जाते. खिशातल्या किल्ल्या, चिल्लर काढून ठेवावी लागते. जवान अंगावरून यंत्र फिरवतो. बायकांची तपासणी बायकाच करतात, तीही पडद्याआड. तरी मनात येतेच, "आम्ही काय चोर आहोत?" असे वाटणे साहजिक आहे. पण हे नियम उगीच झालेले नाहीत. ते का झाले, हे आम्ही आज सांगणार आहोत.

पावसात शेताचा बांध फुटतो. फुटला तिथं आपण दगडमाती घालतो. पुढच्या साली पाणी दुसरीकडून वाट काढते. मग तिथंही भर घालावी लागते. विमानतळाचे नियम असेच वाढत गेले.

पहिली भीती होती विमाने पळवणाऱ्यांची. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले आपले 'गंगा' विमान दोघांनी लाहोरला पळवून नेले. उतारू सुटले, पण विमान जाळले गेले. अमेरिकेत तर असे प्रकार वारंवार होत. म्हणून तिथे ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारू व त्याच्या हातातले सामान तपासू लागले.

हातातली पिशवी तपासली, अंग तपासले. आता धोका कुठून येणार? तो मोठ्या सामानातून आला.

२२ जून १९८५ ची गोष्ट. कॅनडा देशात व्हँकूव्हर शहर आहे. तिथल्या विमानतळावर एका माणसाने आपली बॅग सामानात दिली. ती पुढे एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात चढली. माणूस मात्र विमानात बसलाच नाही! बॅगेत बाँब होता. विमान लंडन, दिल्ली करून मुंबईला यायचे होते. २३ जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर ते आकाशातच फुटले. ३२९ माणसे गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

तेव्हापासून माणूस आणि सामान यांचा मेळ घालण्याचा नियम कडक झाला. उतारू आला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. विमानाला उशीर झाला तरी चालेल, पण बिनमालकाची बॅग नको.

पुढे २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात दडवलेला बाँब पेटवायचा प्रयत्न केला. शेजारच्या उतारूंनी त्याला धरले. मग अमेरिकेत बूट काढून तपासू लागले. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला एक कट उघड झाला. सरबताच्या बाटल्यांतून स्फोटक पातळ पदार्थ न्यायचा बेत होता. तेव्हापासून अनेक देशांत हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली चालेना.

नियम नुसते वाढतातच असे नाही. चांगली यंत्रे आली की ते सैलही होतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने सर्वांचे बूट काढायला लावणे बंद केले.

म्हणून एकाच्या जुन्या सांगण्यावर जाऊ नका. गेल्या खेपेला चालले, ते या खेपेला चालेलच असे नाही. आता तुम्हांला वाचता येते. निघण्यापूर्वी नियम वाचा. विमानतळावरचा फलक वाचा. अडले तर विचारा, त्यात लाज कसली?

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. आपली बॅग आपण स्वतः भरावी. कुणी म्हणाला, "काका, एवढं पुडकं तिकडं पोचवा, माझा माणूस घ्यायला येईल," तर हात जोडून नाही म्हणा. तो गोड बोलेल, पैसेही देऊ करील. पुडक्यात काय आहे ते तुम्हांला ठाऊक नाही. काही वावगे निघाले तर बेडी तुमच्याच हातात पडेल. आणि कनिष्कसारखे झाले, तर शेकडो घरांत अंधार होईल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. इथे पुढच्यांचे प्राण गेले आहेत. मागच्यांनी शहाणे व्हायलाच हवे.

सांगा पाहू :
१. 'कनिष्क' विमानात बाँब कसा चढला?
२. उतारू आला नाही तर त्याच्या बॅगेचे काय करतात?
३. अनोळखी माणसाने पुडके दिले तर तुम्ही काय कराल?