कुलूप बदलायचं की नुसता सिलिंडर?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं माझ्याकडे होतं. फ्लॅट विकला, भाडेकरू गेला, किल्ली हरवली, की लोक मला विचारायचे, "कुलूप बदलून टाकू का?" किल्लीवाल्याच्या आणि सुताराच्या शेजारी उभं राहून जे शिकले, ते लिहिते आहे.

१. आधी किल्ल्या मोजा, मग कुलूप बघा.
कुलूप छान चालतंय, पण त्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते सांगता येत नाही, अशा वेळी फक्त किल्ली बदलायची असते. किल्ल्या सगळ्या हाताशी आहेत, पण लॅचची जीभ अडकते, मूठ सैल झाली आहे, समुद्राकाठच्या घरात गंज चढला आहे, तर मात्र कुलूपच बदलावं. लोक घाबरले की हे दोन प्रश्न एक करतात आणि सगळं उपटून काढतात. मग नव्या लॅचची भोकं जुन्या भोकांशी जुळत नाहीत, सुताराला बोलवावं लागतं, लांबी भरावी लागते आणि चांगल्या दाराची रया जाते.

२. लॅचचा जीव सिलिंडरमध्ये असतो.
लायनस येल ज्युनिअर यांनी १८६१ साली सपाट किल्लीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. आपल्या दारावरचं लॅच आजही त्याच तत्त्वावर चालतं. आत स्प्रिंगांवर बसवलेल्या छोट्या पिना असतात. किल्लीच्या दात्यांनी त्या नेमक्या उंचीवर आल्या तरच गाभा फिरतो. पिना बदलल्या की जुनी किल्ली निकामी. अमेरिकेत कुलूपवाले हे काम सर्रास करतात. आपल्याकडे नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडे पिनांचा संच सहसा नसतो, म्हणून आपण अख्खा सिलिंडर बदलतो. माझ्या मते त्यात काही बिघडत नाही. लॅचचा बाहेरचा सिलिंडर आतून लांब स्क्रूंनी आवळलेला असतो. मॉर्टिस लॉक असेल तर दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढायचा, किल्ली किंचित फिरवायची, की सिलिंडर बाहेर सरकतो. जुना सिलिंडर दुकानात सोबत न्या. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या, कारण ६० मिलिमीटरचा सिलिंडर दर वेळी ३०-३० असतोच असं नाही. बाहेरच्या पट्टीच्या पुढे डोकावणारा सिलिंडर घेऊ नका. तो पकडीत धरून मोडता येतो.

३. कडी-कोयंड्याचं कुलूप मात्र बदलाच.
अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून जाडजूड कुलूप आजोबांकडून नातवाकडे जाणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिली नाही. त्यामुळे ते टाकवत नाही, हे मला समजतं. पण लिव्हरच्या कुलपाची एक किल्ली बेपत्ता असेल, तर ते उघडून आतले लिव्हर बदलण्याचा खटाटोप परवडत नाही. ते माळ्यावरच्या ट्रंकेला लावा, मुख्य दाराला नवं आणा.

४. मावशी काम सोडून जातात तेव्हा.
याबद्दल मला सर्वात जास्त सांगायचं आहे. घरकामाच्या मावशींकडे किल्ली असते, कारण आपण सगळे सकाळी बाहेर पडतो. काही वर्षांनी त्या गावी जातात किंवा दुसरं काम धरतात, किल्ली परत देतात. तेव्हा मी प्रत्येक घराला सांगायचे, सिलिंडर बदला, आणि तो का बदलताय ते त्यांना मोकळेपणाने सांगा. आमच्या इमारतीत एका घरी बांगड्या सापडेनात, तर पहिलं नाव निघालं ते कधीच्याच काम सोडून गेलेल्या मावशींचं. बांगड्या पुढे त्याच घरातल्या कपाटात मिळाल्या. तोवर त्या बाईंना सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून उत्तरं द्यावी लागली होती. नवा सिलिंडर काही शे रुपयांपासून मिळतो. तेवढ्या खर्चात एका कष्टकरी बाईवरचा संशय टळत असेल, तर तो खर्च आपण करायलाच हवा. वॉचमन, ड्रायव्हर, रुग्णाची काळजी घेणाऱ्या ताई, यांच्या बाबतीतही हेच.

५. ताबा बदलला की सिलिंडर बदलायचा.
नव्या फ्लॅटची किल्ली रंगारी, फरशीवाला, इलेक्ट्रिशियन अशा अनेकांच्या हातांतून आलेली असते. जुना फ्लॅट घेतला तर आधीच्या मालकाचे नातेवाईक असतातच. भाडेकरू गेल्यावरही बदला. पण भाडेकरू राहत असताना मालकाने परस्पर कुलूप बदलून त्याला बाहेर काढणं बेकायदेशीर आहे. मुदत संपूनही तो जात नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं.

६. घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर.
इथे मी चालू कुलूपही बदलायला सांगते. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या बऱ्याच सिलिंडरांत आतून किल्ली लावून ठेवली की बाहेरची किल्ली चालत नाही. आजी न्हाणीघरात पडल्या, मुलगी किल्ली घेऊन दारात उभी, आणि दार फोडावं लागलं, असं आमच्याकडे झालं आहे. आतून मूठ फिरवून उघडणारा सिलिंडर घ्या. रात्री आग लागली तर अंधारात किल्ली शोधावी लागत नाही, हाही मोठा फायदा.

७. चौकटीकडे बघा.
लॅच भारी आणि ज्या पट्टीत जीभ शिरते ती दोन बारक्या स्क्रूंवर, असं अनेक घरांत पाहिलं. पहारीने रेटलं की आधी तीच निघते. तिथे लांब, जाड स्क्रू बसवा. आणि सिलिंडरमध्ये खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड घाला.

८. नवा सिलिंडर घेताना.
पाकीट सीलबंद आहे ना ते पाहा. किल्ल्यांवर किंवा सोबतच्या कार्डावर छापलेल्या नंबरावरून काही कंपन्यांच्या किल्ल्या बनवता येतात. म्हणून ते कार्ड जुडग्याला अडकवू नका, फोटो काढून कुणाला पाठवू नका. दार उघडं ठेवून नवी प्रत्येक किल्ली आतून-बाहेरून फिरवून बघा आणि मगच सुताराला पैसे द्या.