जखम भरत नाही, मलम कोणतं लावू?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळ वडप्याची गोदामं लागतात. इथे हमाली करणारा, ट्रक चालवणारा किंवा दिवसभर उभ्यानं पॅकिंग करणारा माणूस मधुमेही असेल, तर त्याच्या पायाची गोष्ट बहुधा चपलेपासून सुरू होते. झिजलेल्या तळातून खिळ्याचं टोक वर येतं, रुततं आणि दिवसभर पत्ताच लागत नाही. संध्याकाळी चपलेत रक्ताचा डाग दिसतो. मग केमिस्टच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न: "शुगरवाल्याला चालेल असं चांगलं मलम द्या."

दोष मलमाचा नसतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि पावलागणिक जखम पुन्हा चिरडली जाते. वर महागातलं महाग मलम लावलं, तरी खालून रोज घाव बसतच असतो.

घरोघरचे उपाय सगळ्यांना पाठ आहेत: हळद, मध, खोबरेल, कुठे चक्क टूथपेस्ट. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं, म्हणून ते जखम साफ करतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते नव्यानं येणाऱ्या पेशींनाही इजा करतं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत: केवळ जखम भरावी म्हणून मध किंवा जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये. सगळ्यांत घातक म्हणजे कुरूप काढायची कॉर्न कॅप. तिच्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड कातडी जाळतं, आणि बधिर पायाला ते जळणंही कळत नाही.

मग मलमांत नवं काहीच नाही का? आहे, आणि तेही पुण्याचं. नोव्हालीड फार्मा या कंपनीनं एस्मोलॉल या औषधाचं जेल तयार केलं. एस्मोलॉल एरवी हृदयाचे वाढलेले ठोके आवरायला शिरेतून देतात. भारतातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांसोबत जेल लावलेल्यांपैकी 60.3 टक्के रुग्णांची जखम 12 आठवड्यांत पूर्ण भरली. नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 41.7 टक्के होतं. फरक चांगला आहे. पण जेलशिवायही दहातल्या चौघांची जखम भरली, हेही त्याच आकड्यांत आहे, आणि जेलवाल्यांनाही बाकीच्या उपचारांतून सुटका नव्हती.

हे नेहमीचे उपचार म्हणजे काय, ते एकदा ड्रेसिंगच्या टेबलाशी उभं राहून पाहावं. जखमेच्या कडेला पांढरट, निबर कातडीचा कंगोरा असतो. डॉक्टर तो आणि आतला मेलेला भाग कापून काढतात. रुग्णाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. मग बोथट सळई अलगद आत घालून पाहतात. टोकाला कडक काही लागलं, तर हाडापर्यंत संसर्ग पोचल्याची शंका घ्यावी लागते. घोट्याजवळच्या आणि पावलावरच्या नाडीवरून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतात. त्यानंतर सलाईननं धुणं आणि ओलावा टिकवणारं ड्रेसिंग.

आणि भार काढणं! तळव्यावरच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा खास बूट देतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी प्लास्टरची ही पद्धत वापरली. पुढे ती मधुमेहींच्या पायांसाठीही जगभर गेली. रुग्णांना मात्र हाच उपाय सगळ्यांत नकोसा वाटतो, कारण यात खाडा पडतो, मजुरी बुडते. ही अडचण खरी आहे. म्हणून बसून करायचं काम मागण्यासाठी डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी जरूर घ्यावी.

जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं धरून दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढावा. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर मलम बदलण्यात वेळ न घालवता रक्तप्रवाहाची आणि हाडाची तपासणी करून घ्यावी. पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, काळं पडलेलं बोट किंवा ताप यांपैकी काहीही दिसलं, तर ड्रेसिंगच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि कामावर निघताना चपलेच्या आतून एकदा हात फिरवा.